उन्हात धरलेली फिल्म

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे, आणि माझ्या पोटात अजून राग आहे. म्हातारपणी शांत व्हावं, असं म्हणतात. मी झालो नाही. का झालो नाही, ते ऐका.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते मला आठवत नाही. मला समज आली ती बुलढाण्यात, माणिकरावांच्या स्टुडिओत. काळा-पांढरा रोल माझ्या पोटात भरून त्यांनी किती नवरदेव टिपले, किती बाळं, नोकरीच्या अर्जासाठी आलेले किती घाबरलेले चेहरे! रात्री दुकान बंद करताना ते मला मऊ फडक्यानं पुसत. पुढे मोबाईल आले आणि गिऱ्हाईक आटलं. मी काचेच्या कपाटात जाऊन बसलो. लोक कपाटासमोर थांबत, पण ते काचेत पाहून आपले केस नीट करायला.

तिथून मला कोकिळानं बाहेर काढलं. कोकिळा जानेफळची. घरी वांग्या-मिरचीचा मळा, नवरा गोकुळ, सासू-सासरे. बुलढाण्याला बहिणीकडे आली होती.

"हा चालते का हो, काका?" तिनं विचारलं.

"चालते ना," माणिकराव म्हणाले. "पण याले घाई चालत नाही."

त्यांनी मला तिच्या हाती दिलं आणि फोटो मोठा करायचं धूळ खात पडलेलं यंत्रही दिलं.

मित्रांनो, छंद म्हणजे काय ते मी कोकिळाकडून शिकलो. तिचा पहिला रोल कोरा निघाला, कारण फिल्मचं टोक चाकात नीट अडकलंच नव्हतं. नंतरचा एक रोल उन्हाळ्याच्या उष्णतेनं नासला. मग ती रसायनाची बाटली माठाच्या गार पाण्यात ठेवू लागली. कोठीच्या खोलीच्या खिडकीला तिनं गोधड्या ठोकल्या, दाराच्या फटीत रिकामी पोती कोंबली आणि सोयाबीनच्या थप्पीला टेकून, मिट्ट अंधारात नुसत्या बोटांनी फिल्म चाकावर चढवायला शिकली. गावातल्या बाया हसत. "मोबाईल असून हे काऊन करतं वो?" ती म्हणायची, "वाट पाह्याले मजा येते."

तिच्या बाजूनं घरात एकच माणूस होतं, सासूबाई अन्नपूर्णाबाई. त्यांना फोटोचा भारी संकोच. मोबाईल समोर आला की त्या पदर ओढून घेत. पण माझ्यासमोर त्या बसल्या. ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

"तोंड कसं करू वो?"

"काहीच करू नका, आई. सोला शेंगा."

त्या हसल्या. समोरचा एक दात नव्हता, तरी हात तोंडाशी नेला नाही. ते हसू मी आत घेतलं. मग गाईच्या पाठीवर हात ठेवलेल्या, न्हाऊन केस वाळवणाऱ्या, नवऱ्यावर, नारायणरावांवर, डोळे वटारणाऱ्या अन्नपूर्णाबाई घेतल्या. रोल जवळजवळ भरला होता, तेवढ्यात फाल्गुनात त्यांच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचण्याआधीच त्या गेल्या.

आता येतो शेखर. गोकुळचा धाकटा भाऊ, कोकिळाचा दीर. मेहकरला त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान. त्यानं आईच्या आधार कार्डावरचा फोटो मोठा करून, गालावर लाली आणि मागे निळं आभाळ घालून मोठा फ्लेक्स दारात लावला होता. भेटायला आलेल्या पाहुण्यांसमोर कोकिळा रडत म्हणाली, "हा आईसारखा वाटतच नाही. दोन दिवस थांबा, आईचा खरा फोटो माह्या रोलमंधी हाये."

पाहुण्यांनी माना डोलावल्या. शेखरचा चेहरा मात्र आंबला.

दुपारी सगळे जेवायला बसले असताना तो कोठीच्या खोलीत आला आणि मला घेऊन मागच्या अंगणात गेला. मित्रांनो, माझं झाकण सहजासहजी उघडत नाही. डोक्यावरची लहानशी चकती नखानं धरून जोरात वर ओढावी लागते. शेखर तरुणपणी एका फोटो स्टुडिओत राबलेला. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि चकती ओढली. माझं पोट उघडलं. फिल्म बोटात धरून त्यानं सगळीच बाहेर ओढली आणि उन्हात धरली. काही न कळणाऱ्या माणसाच्या हातून हे झालं असतं, तर मी विसरलोही असतो. याला सगळं कळत होतं.

मग ती तशीच आत कोंबून त्यानं मला कोठीतल्या टेबलाखाली आणून ठेवलं. कोकिळा धावत आली, तोवर आतलं हसू जळून गेलं होतं.

"टेबलावरून पडला, वहिनी. झाकण आपोआप उघडलं," शेखर म्हणाला. "मी तं उचलून राह्यलो होतो. जुनाच डबा हाये, त्याले काय भरोसा?"

माझ्या अंगावर एक ओरखडाही नव्हता, पण तो पाहायला कुणाला सवड होती? गोकुळ म्हणाला, "जाऊ दे, भाऊच हाये." सगळ्यांनी मलाच दोष दिला. आई त्यांची गेली आणि खुनी मी ठरलो! त्या दिवशी मी सूड घ्यायचं ठरवलं. कॅमेरा काय सूड घेणार, असं तुम्हाला वाटेल. पण चकती ओढल्याशिवाय माझं झाकण उघडत नाही, हे कोकिळालाही ठाऊक होतं, आणि तिनंही तेच ठरवलं होतं.

तिनं तो रोल तरीही धुतला. या टोकापासून त्या टोकापर्यंत काळाकुट्ट. तिनं तो जपून ठेवला. वर्षभर ती शेखरला चहा देत होती, 'भाऊजी' म्हणत होती. आणि वर्षभर फोटो काढत होती. कांदा काढणाऱ्या बाया, मोताळ्याच्या बाजारातले बैल, विहिरीवरची सावली. बुलढाण्याच्या एका कॉलेजात तिच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं. लोक नाव घेऊ लागले, तशी शेखरलाही वहिनी आठवली.

"वहिनी, नव्या दुकानात माहा मोठा फोटो पाह्यजे. काळा-पांढराच. जुन्या जमान्यातल्या सावकारावानी."

"हाव, काढू ना," कोकिळा म्हणाली.

चैत्राच्या भर दुपारी तिनं त्याला कोट घालून अंगणात बसवलं. मान वर करा, हालू नका, श्वास धरा. घामाच्या धारा त्याच्या कॉलरमध्ये उतरत होत्या. मी खटाखट वाजत होतो, आणि माझ्या पोटात फिल्म नव्हती! मित्रांनो, रिकाम्या पोटी इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

अक्षय्य तृतीयेला दुकानाचं उद्घाटन झालं. पाहुणे, व्यापारी, पुढच्या खुर्चीत नारायणराव. शेखरनं सगळ्यांसमोर कागद फाडून कोकिळानं आणलेली फ्रेम बाहेर काढली. आत नुसता पांढरा कागद.

"हे काय वो?" कुणीतरी विचारलं.

"माह्या सासूबाईचा फोटो," कोकिळा सावकाश म्हणाली. "उन्हात धरलेली फिल्म धुतली का काळी होते, अन् तिच्यावरून फोटो काढला का असा येते."

शेखरचे कान लाल झाले. "अन् माहा फोटो कुठं हाये?"

"कॅमेऱ्यातच असंल. पाहा ना."

तिनं मला पुढे केलं. रागाच्या भरात त्यानं मला हिसकावलं, सरावाच्या बोटांनी चकती वर ओढली आणि झाकण उघडलं. आत काहीच नव्हतं.

"भाऊजी," कोकिळाचा आवाज चढला नाही, "हे झाकण आपोआप उघडते म्हणे ना? मग आत्ता चकती काऊन ओढली?"

शेखरनं बोटं चकतीवरून झटकन मागे घेतली. नारायणराव काठी टेकत उठले. आधी माझ्याकडे, मग मुलाच्या बोटांकडे त्यांनी पाहिलं.

"तुही माय होती रे त्यात," ते म्हणाले.

ती पांढरी फ्रेम काखेत घेऊन ते बाहेर पडले. प्रसादही घेतला नाही.

पावसाळा अर्धा सरला, तेव्हा शेखर जानेफळला आला. वडिलांच्या पायांशी बसून खूप रडला. नारायणरावांनी सुनेला हाक मारली. "कोकिळा, कॅमेरा आण. आज रोल भर त्यात." मग काठीनं भिंतीवरच्या पांढऱ्या फ्रेमकडे दाखवून मुलाला म्हणाले, "बस तिच्याखाली."

शेखर बसला. मान वर करा, असं या वेळी कुणी म्हटलं नाही. कोकिळानं बराच वेळ वाट पाहिली. मी त्याला जसा होता तसा, केसा-सुरकुत्यांसकट घेतलं. तो फोटो आता त्याच घरात लागला आहे, आणि येणारा-जाणारा विचारतो, याच्या डोक्यावर हे पांढरं काय आहे? दर वेळी कुणाला तरी ते सांगावं लागतं.

कोकिळा आता त्याच्याशी पूर्वीसारखी बोलते. तिनं त्याला माफ केलं असेल. मी केलेलं नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूनं शेवटी काही मागावं, अशी रीत आहे. मला पूजा नको, कपाटही नको. एवढंच मागतो: जी वस्तू तुम्हाला उघडता येते, ती उघडण्याआधी आत कोण आहे ते विचारा.