सुनेची सही

त्या घरात सकाळचा चहा आठला व्हायचा आणि चहाबरोबर विमानांची तपासणीही उरकायची. ऐकायला चमत्कारिक वाटेल, पण अगदी खरं. धावपट्टीच्या कुंपणाला लागून घर, मागच्या दारानं शंभर पावलं चाललं की हँगर, आणि हँगरमध्ये चार ग्लायडर. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. दोरानं ओढून वर चढवायचं आणि सोडून द्यायचं, पुढे ते वाऱ्याच्या आधारानं तरंगत राहतं. घरातले कर्ते म्हणजे सासरे. त्यांना सगळा ग्लायडिंग क्लब 'मिस्त्री' म्हणायचा. चारही ग्लायडरांची डागडुजी त्यांच्याकडे. काम झालं की नोंदवही काखोटीला मारून ते घरी यायचे आणि ती वही स्वयंपाकघरातल्या टेबलावर, चिरलेल्या भाजीच्या ताटाशेजारी उघडायचे. पहिल्या रकान्यात त्यांची सही झालेली असायची. दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवून म्हणायचे, "सूनबाई, घे, उरकून टाक."

आणि सूनबाई हात पुसून उरकून टाकायची.

ही दुसरी सही कसली, ते सांगायला हवं. वैमानिक पुढ्यातला दांडा ओढतो, तेव्हा विमानाच्या पोटातल्या सळ्या आणि सांधे ती ओढ शेपटावरच्या पात्यापर्यंत नेतात. पातं हललं की विमान नाक वर करतं किंवा खाली. मधला एक सांधा सुटला, तर दांडा नुसताच हातात राहतो आणि विमान आपल्या मर्जीनं जमिनीकडे येतं. म्हणून नियम असा, की ज्यानं सांधा जोडला त्यानं एक सही करायची, आणि ज्यानं तो जोडला नाही अशा दुसऱ्या जाणत्यानं स्वतः जाऊन, पातं हातात धरून, खात्री करून दुसरी सही करायची. माणूस कितीही हुशार असला तरी चुकतो, हे ज्यांना कळलं त्यांनी केलेला हा शहाणा नियम. पण घरातल्या वडीलधाऱ्यांचं काम सुनेनं तपासायचं? छे! असल्या गोष्टींना आपल्याकडे उद्धटपणा म्हणतात.

सूनबाई जाणती होती बरं का! परीक्षा देऊन तिनं तपासनिसाचा परवाना मिळवला होता. लग्न ठरताना सासूबाई चारचौघांत म्हणाल्या होत्या, "आम्हाला देणंघेणं काही नको. मुलगी शिकलेली हवी, आणि आमच्याच कामातली मिळाली तर सोन्याहून पिवळं." तिच्या माहेरच्यांना आभाळ ठेंगणं झालं होतं.

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ती टॉर्च घेऊन मिस्त्रींच्या मागोमाग हँगरमध्ये गेली. ते हसले, "अगं, माझ्या कामावर टॉर्च मारतेस होय? तुझ्या वयाइतकी वर्षं मी हे सांधे जोडतोय." तिथले सगळेच हसले. संध्याकाळी नवरा म्हणाला, "बाबांना लागलं गं ते. बोलत नाहीत, पण लागलं." ती खजील झाली. त्या दिवसापासून टॉर्च फळीवर गेला आणि वही स्वयंपाकघरात आली. तीन वर्षं झाली त्याला.

पण अलीकडे तिच्या मनात पाल चुकचुकत होती.

मिस्त्री तिच्याकडे कधी सरळ बघत नसत. मान वाकडी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत. आधी तिला वाटलं, आपल्यावर राग आहे, नाहीतर संशय आहे. मग तिच्या लक्षात आलं, की ते चहाच्या कपाकडेही तसंच बघतात. कपानं त्यांचं काय घोडं मारलं होतं? मग तिचं लक्ष सासूबाईंकडे गेलं. त्या कप नेमका त्यांच्या उजव्या हाताशी ठेवत आणि टेबलावर हलकेच टकटक करत. खुर्ची कुणी जरा सरकवली तर त्या तीरासारख्या येऊन जागच्या जागी लावत. नवरा वडिलांबरोबर चालताना नेहमी पायरीच्या अलीकडे मोठ्यानं काहीतरी बोलायचा, "हं, आज ऊन आहे", "हं, कुत्रं गेलं वाटतं". प्रत्येक पायरीला ऊन आणि प्रत्येक पायरीला कुत्रं! एकदा तिनं विचारलं, "बाबांना दिसायला त्रास होतो का हो?" नवऱ्यानं इतक्या घाईनं "नाही, नाही" म्हटलं, की एका 'नाही'वर तिचा विश्वास बसला असता, दोन्हींवर बसला नाही.

आणि एक दिवस धुण्याच्या वेळी मिस्त्रींच्या कामाच्या पँटीच्या खिशात तिला एक पिन सापडली. बोटाच्या पेराएवढी, स्टीलची. अशी पिन ग्लायडरमध्ये एकाच ठिकाणी असते. सळीच्या टोकाला एक गोळी, तिला पकडणारी एक वाटी. गोळी वाटीत बसली की खटका लागतो, आणि खटका सुटू नये म्हणून त्यात ही पिन. ती जुनी, काढून टाकलेली असेल. किंवा जादा असेल. किंवा... तिनं पिन धुतली, पुसली आणि आपल्या पर्समध्ये ठेवली. कुणाला बोलली नाही. या घरात कुणाला काय विचारावं, हेच तिला कळेनासं झालं होतं. सगळ्यांना काहीतरी ठाऊक होतं आणि तिच्यापासून लपवलं जात होतं.

दुसऱ्या दिवशी वही उशिरा, साडेनऊला टेबलावर आली ती लाल ग्लायडरच्या पानावर उघडलेली. वर्षाची मोठी तपासणी झालेली, शेपूट सोडवून पुन्हा जोडलेलं. दहा वाजता त्यातून उडणार होती धाकटी नणंद. तिला घरात चिमणी म्हणत. मिस्त्रींचा जीव की प्राण, आणि वहिनीचीही लाडकी.

"सूनबाई, घे, उरकून टाक," मिस्त्री म्हणाले.

तिनं पेन उचललं आणि परत ठेवलं. "बाबा, मी एकदा जाऊन बघते. मग करते सही."

नवऱ्याचा घास तोंडातच राहिला.

"काय बघतेस?" मिस्त्री हसून म्हणाले, पण हसू ओठांवरच होतं. "मी जोडलंय ते."

"तुम्ही जोडलंय म्हणूनच. जोडणाऱ्यानं तपासायचं नसतं ना."

"अगं, पोरगी माझी आहे! माझ्या पोरीचं विमान मी अर्धवट सोडीन?"

"सोडाल असं नाही म्हणत मी. पण न बघता सही नाही करणार."

"आज नको ना तमाशा," नवरा दबक्या आवाजात म्हणाला. "चिमणी तिकडे वाट बघतेय. कर आणि मोकळी हो."

"बाबांना नीट दिसतं का?" तिनं सरळ विचारलं. तीन वर्षांत इतका सरळ प्रश्न त्या स्वयंपाकघरात कुणी विचारला नव्हता.

सासूबाई ताडकन उठल्या. "झालं? एवढंच राहिलं होतं! डॉक्टर काय, काहीही बोलतात. पडदा सुकतोय म्हणे, समोरचं दिसणार नाही म्हणे. चार वर्षं झाली त्याला, काय बिघडलं? त्यांच्या बोटांना सगळं कळतं. जुना तपासनीस सारखा खुसपट काढायचा, म्हणून तर म्हटलं, सही घरातलीच असावी. तुला केली कशाला मग?"

बोलल्या आणि त्यांनीच तोंडावर हात ठेवला. पण बोललेलं परत थोडंच घेता येतं?

चार वर्षं. लग्नाला तीन झाली होती. सूनबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली आणि तिला काय ते कळलं. शिकलेली मुलगी हवी होती ती एवढ्यासाठी. तिचं शिक्षण हवं होतं, पण त्या शिक्षणानं येणारी नजर नको होती. परवाना तिचा, हात तिचा, आणि 'हो' मात्र घराचं. तिला भयंकर राग आला, रडूही आलं. पण घड्याळात पावणेदहा झाले होते आणि रडायला दिवसभर वेळ होता. तिनं वही बगलेत मारली, फळीवरचा टॉर्च घेतला, पर्स खांद्याला अडकवली आणि मागच्या दारानं निघाली. मागून तिघंही आले.

चिमणी हँगरच्या दाराशी हातमोजे घालत होती. "वहिनी, अगं सगळी वरात घेऊन आलीस?"

"तू आत बस. उडायचं नाही अजून. दांडा धर आणि मी सांगेन तसं कर." वहिनीचा आवाज ऐकून तिनं पुढे थट्टा केली नाही. मुकाट्यानं आत बसली.

सूनबाई शेपटाशी गेली. "ओढ. आता ढकल. पुन्हा ओढ."

पातं वर गेलं, खाली आलं, वर गेलं. अगदी लोण्यासारखं हललं.

नवऱ्यानं सुस्कारा सोडला. "बघितलंस? झालं समाधान?"

मिस्त्री दारात उभे होते. "हलतंय ना? मग झालं तर. या वयात हाही अपमान बघायचा होता." सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि सुनेकडे असं पाहिलं, की दुसरी कुणी असती तर जमिनीत गडप झाली असती.

सूनबाईलाही क्षणभर वाटलं, चुकलंच आपलं. सही करावी, पाया पडावं, मोकळं व्हावं. कितीजणी रोज असंच करतात आणि त्यालाच समजूतदारपणा म्हणतात! पण मोकळं पातं कसंही हलतं. वर वारा पात्यावर रेटा देतो, तेव्हा सांध्याची परीक्षा असते. आणि जमिनीवर वारा नसतो, म्हणून त्याच्या जागी माणसाचे हात लागतात. तिनं दोन्ही हातांनी पातं घट्ट पकडलं.

"आता मी धरलंय. तू ओढ. जोरात, पोटाशी आण."

"धरलंस ना?"

"धरलंय. ओढ!"

चिमणीनं ओढलं. आतून खट्ट असा बारीक आवाज आला. दांडा एकदम सैल होऊन चिमणीच्या पोटावर आदळला. पातं सूनबाईच्या हातात होतं तसंच राहिलं. चिमणीनं दांडा पुढे ढकलला, मागे ओढला, डावा-उजवा केला. पातं तसूभरही हललं नाही. ती पांढरीफटक पडली. नवरा धावत पुढे आला आणि मध्येच थांबला.

दारातून मिस्त्रींचा आवाज आला, "का गं चिमणे, थांबलीस का? ओढ की! तिनं सांगितलंय ना, जोरात ओढ!"

कुणी उत्तर दिलं नाही. सगळ्यांना जे दिसलं होतं ते त्यांना दिसलं नव्हतं. त्यांनी मान वाकडी केली, एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. "अरे, बोला ना कुणीतरी. काय झालं?"

सूनबाईनं सांध्यावरच्या झाकणाचे स्क्रू काढले आणि टॉर्च मारला. गोळी वाटीच्या काठावरून घसरून बाजूला पडली होती. खटका अर्धवट, पिनेचं भोक रिकामं. तिनं पर्स उघडून पिन काढली आणि मिस्त्रींच्या तळहातावर ठेवली. त्यांच्या बोटांना ती खरोखरच लगेच कळली. ते तिथेच पायरीवर बसले. "मी घातली होती," ते म्हणाले, आणि थोड्या वेळानं, "मला वाटलं, घातली." एवढ्या मोठ्या माणसाचा चेहरा असा पडलेला तिला बघवेना. त्यांना चांगल्या डॉक्टरची, विश्रांतीची, खरं बोलणाऱ्या माणसांची गरज होती, आणि चार वर्षं घरानं त्यांना दिलं काय, तर मान!

ती कामाच्या बाकावर वही उघडून बसली. लाल ग्लायडरच्या रकान्यात तिनं लिहिलं, 'सांधा सुटला. उडवू नये.' मग पान मागे उलटलं. तिथे तिची सही होती. त्याच्या शेजारी तिनं लिहिलं, 'न पाहता केली.' आणखी एक पान. 'न पाहता केली.'

नवऱ्यानं तिचा हात धरला. "वेड लागलंय का तुला? आजचं लिहिलंस ते पुरे. मागचं कशाला उकरतेस? परवाना जाईल तुझा, क्लब बंद करतील, बाबांची अब्रू जाईल."

"जो सांधा मी पाहिला नाही, तो मी पाहिला असं तीन वर्षं लिहीत आले. उरलेली तिन्ही त्याच सह्यांवर उडतायत. तुम्ही आधी जा आणि आज कुणीही वर जायचं नाही म्हणून सांगून या."

तो घुटमळला.

"जा म्हणते ना!"

तो गेला. सासूबाई पायरीवर मिस्त्रींशेजारी बसल्या. पहिल्यांदाच त्यांनी काही लपवलं नाही. गोळी कुठे होती, खटका कसा होता, पिन कुठे नव्हती, सगळं त्यांना सांगत राहिल्या, आणि ते ऐकत राहिले.

चिमणी कॉकपिटमधून उतरली. ती वहिनीच्या शेजारी बाकावर येऊन बसली. तिनं पेनाकडे पाहिलं.

"वहिनी, मी पहिल्यांदा एकटी उडाले ना, त्या दिवसाचं पान कुठलं?"

सूनबाईनं पानं उलटली. सापडलं. त्या दिवशी घरात गोडधोड होतं, घाई होती, तिनं उभ्या उभ्या सही ठोकली होती. शेजारी तिची सुबक, गोल अक्षरं होती, 'तपासले, सुस्थितीत'.

"बाबांनी तर जोडलं होतं," चिमणी म्हणाली. "पण तू? तू बघितलं होतंस ना गं? मी तुझी सही वाचून चढले होते."

सूनबाईला नजर वर करता येईना. खोटं बोलायला एक शब्द पुरला असता, आणि तो शब्द या घरानं तिच्याकडून चांगला घोटून घेतला होता.

"नाही," ती म्हणाली. तिनं त्या सहीशेजारी लिहिलं, आणि चिमणीनं ते अक्षर अन् अक्षर वाचलं. मग चिमणीनं वही आपल्याकडे ओढली, पुढचं पान काढून तिच्यासमोर धरलं आणि म्हणाली, "हं. लिही."