जानरावांचं खरं ठरलेलं भाकीत

निकालाच्या दिवशी देशभर लोक आपापला पक्ष जिंकावा म्हणून देव पाण्यात घालून बसले होते. धामणगाव बढ्याच्या पलीकडच्या एका लहानशा गावात जानराव मात्र आपलंच भाकीत खोटं ठरावं म्हणून बसले होते.

गावची घटमांडणी त्यांच्या घराण्याकडे. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी वावरात धान्यांचं रिंगण मांडायचं. मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर, आणि शेजारी पानावर एक सुपारी. सुपारी म्हणजे राजा. दुसऱ्या दिवशी उजाडताच ढेकळं किती भिजली ते पाहून पाऊस सांगायचा, आणि सुपारी हलली की नाही ते पाहून राजाची गादी टिकेल की जाईल ते. सांगून होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. जे सांगायचं ते नुसत्या डोळ्यांनी पाहून.

आणि डोळेच तर राहिले नव्हते. अलीकडे जानराव माणूस आवाजावरून ओळखत. पण मानाची सवय वाईट. त्यांनी ते कुणाला कळू दिलं नाही. यंदा रिंगणापाशी वाकले, तर खाली नुसता धुरळा. भोवती गावोगावचे शेतकरी कान टवकारून उभे. जानरावांनी देवाचं नाव घेतलं आणि ठोकून दिलं, "गादी कायम! पह्यल्या महिन्यात पाऊस भरपूर!"

घरी आल्यावर पुतण्या गोकुळ हळूच म्हणाला, "काका, सुपारी तं पानाखाली घरंगळली होती. अन् पह्यलं ढेकूळ ठणठणीत कोरडं. तुमाले दिसलं नाही काय?"

"नाही दिसलं."

"मंग सांगून टाका लोकायले."

"कोण्या तोंडानं सांगू? निकाल लागू दे. गादीचं खोटं ठरलं तं पावसाचंबी कोणी धरणार नाही. आपोआप मिटते सारं."

भित्रेपणाच होता तो, दुसरं काय. तोवर गावात एकच बोलणं चाललं होतं. जानकाकांनी पाऊस सांगितला आहे, तेव्हा यंदा धूळपेरणी करू. म्हणजे कोरड्या मातीतच सरकी टोबायची आणि पावसाची वाट पाहायची. पाऊस चुकला की बियाणं जागच्या जागी जळून जातं. ओट्यावर बसून जानराव हे ऐकायचे आणि निकालाचे दिवस मोजायचे.

निकालाच्या दिवशी ग्रामपंचायतीत टीव्ही लावला होता. सकाळी हे पुढे, दुपारी ते पुढे. संध्याकाळी कळलं की कुणालाच बहुमत नाही. राज्य करणारा पक्ष बराच खाली घसरला होता. जानरावांना हायसं वाटलं. सुटलो, असं ते गोकुळला म्हणालेसुद्धा. मग दोन दिवस दिल्लीत घासाघीस चालली. शेवटी चार लहान पक्षांनी टेकू दिला आणि राजा होता तोच राहिला.

"सुपारी घरंगळली हेबी खरं झालं, काका," गोकुळ म्हणाला. "अन् गादी कायम, हेबी."

"म्हणजे मी काहीबी बोललो असतो तरी खराच ठरलो असतो," जानराव म्हणाले. त्यांना हसू आलं, आणि हसता हसता रडू.

थोड्याच वेळात दारात गुलाल उधळला. गावचे मोठे जमीनदार भगवानराव हार घेऊन आले. "टीव्हीवाले सारे तोंडघशी पडले, अन् आमचे जानराव बरोब्बर!"

जानरावांनी हार काढून ठेवला. "ऐका मायबाप. माझे डोळे गेले. मले सुपारी दिसली नाही, ढेकूळ दिसलं नाही. जे बोललो ते अंदाजपंचे. पह्यलं ढेकूळ कोरडं होतं, इचारा गोकुळले. कोरड्यात पेरू नका."

मग टेकडीकडच्या मुरमाड रानाचा निवृत्ती पुढे आला आणि जानरावांच्या पायांवर पडला. "डोळे नाहीत, तरी गादी बरोबर सांगतली! यायले आतून दिसते रे बाप्पा!"

लोकांनी जयजयकार केला. "अरे, कोरडं होतं ढेकूळ! मी पाह्यलं!" गोकुळ ओरडत राहिला.

"तू गप बे," भगवानराव म्हणाले. "काकापेक्षा मोठा झाला काय?"

"उद्याच टोबतो सरकी," निवृत्ती म्हणाला.

जानरावांनी चाचपडत त्याचे खांदे धरले. "नको टोबू, निवृत्ती. पाया पडतो तुह्या." आणि ते खरंच वाकले.

निवृत्ती चटका बसल्यासारखा मागे सरला. "पाप काऊन लावता मले, काका?" एवढा मोठा माणूस आणि किती हा नम्रपणा, म्हणून बायांनी पदर डोळ्यांना लावले.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून माणसं सरकीच्या पिशव्या घेऊन वावराकडे निघाली. वाट जानरावांच्या घरावरूनच जात होती. जानराव दारात उभे राहून चाहूल लागेल त्याला नको, नको म्हणत होते, आणि एकेक जण त्यांच्या पाया पडून पुढे जात होता.