चौथी खुर्ची

लॉच्या प्रवेश परीक्षेत मी दोनदा आपटले, दोन्ही वेळा तर्काच्या कोड्यांत आणि दोन्ही वेळा बाबांमुळे. ही तिसरी संधी शेवटची होती.

बाबांनी आयुष्यभर नाट्यगृहात बॅटरी घेऊन लोकांना खुर्च्या दाखवल्या. त्यामुळे ‘ग आणि घ शेजारी बसत नाहीत’ असं वाचलं, की ते विचारायचे, "का? बिनसलं कशावरून?" नुसत्या अक्षरांना बसवणं त्यांना जमेना. मग क म्हणजे काका, ख म्हणजे मामा, ग आत्या, घ आई, असं त्यांनी ठरवून टाकलं.

"मामा टोकाला. जेवताना दहादा उठतो तो."

"बाबा, हे दिलेलं नाही."

"दिलेलं नाही, पण आहे ना!"

परीक्षेतही मी मामाला टोकाला बसवत राहिले आणि गुण घालवत राहिले.

यंदा परीक्षेच्या तोंडावर बाबा गेले. मी जात नाही म्हटल्यावर आई म्हणाली, "जा. घरात बसून काय दिवे लावणार आहेस?" आणि शिकवणी तिनेच हातात घेतली. मदतीला आत्या. जेवायला बाबा या दोघींच्या मधे बसायचे, तह टिकावा म्हणून. त्या खुर्चीवर आता कुणी बसत नव्हतं.

"ग आणि घ शेजारी बसत नाहीत," आईने वाचलं.

"शहाणी आहे ग," आत्या म्हणाली. "टोमणे कोण ऐकेल?"

"आणि घोरणं कोण ऐकेल, वन्सं?"

"जेवताना कोण घोरतं, वहिनी?"

"तुम्ही!"

परीक्षेत कोडं आलं. एका रांगेत पाच खुर्च्या, माणसं चार. क डाव्या टोकाला. ख त्याच्या लगेच उजवीकडे. ग आणि घ शेजारी बसत नाहीत. रिकामी खुर्ची कितवी?

मामाला टोकाला न्यायला हात शिवशिवत होता. आवरला. काका पहिले, मामा दुसरा. उरल्या तीन खुर्च्या आणि दोघी. म्हणजे एक तिसरीवर, एक पाचवीवर.

मी अटी पुन्हा वाचल्या. पदरचं काहीही घातलेलं नव्हतं. चौथीचा गोल काळा केला आणि त्याच्याकडेच बघत बसले. शेजारच्या मुलीला वाटलं असेल, ही अडकली.

घरी दोघी टेबलाशी माझी वाट बघत होत्या, मधली खुर्ची सोडून.

"सुटलं?"

"सुटलं. चौथी रिकामी. तुम्हा दोघींच्या मधली."

"आणि मी कुठे? उजवीकडेच ना?" आत्याने विचारलं.

"ते ठरत नाही, आत्या."

"न ठरायला काय झालं? पंखा उजवीकडे आहे, मला वारा लागतो."

मग आत्या उठली आणि मधल्या खुर्चीवर येऊन बसली. "तिथे पंखा फार लागतो," ती म्हणाली.

आईने वर बघितलं. पंखा बंद होता.

"बसा," आई म्हणाली. "पण घोरू नका."