वेंडेलचा डॉक्टरांपुढचा प्रवेश

माझ्या नवऱ्याला, वेंडेल प्रोकॉपला, लोक रस्त्यात थांबवून विचारतात, "तुम्ही आमच्या बँकेत होतात का?" पडद्यावर छोट्या भूमिकांत न्यायाधीश, पाद्री, दारुडा, खुनी, सगळं करून झालं, पण नाव कुणाला आठवत नाही. आता त्यालाही फारसं आठवत नाही. गेल्या महिन्यात तो दूध आणायला गाडी घेऊन गेला, लाल सिग्नल तोडला आणि वीस वर्षांपूर्वी संपलेल्या मालिकेच्या स्टुडिओच्या फाटकाशी सापडला.

माझं तो ऐकणार नव्हता. त्याची स्मरणशक्ती तपासणाऱ्या डॉक्टर सार्किसियननी त्याचं गाडी चालवणं बंद करावं, एवढंच मला हवं होतं.

तपासणीच्या आदल्या दिवशी त्याला मागच्या वेळच्या प्रश्नांचा कागद सापडला.

"आर्डिथ, बस. तू डॉक्टर हो."

"ही तपासणी आहे वेंडेल, नाटक नाही."

"पाठ न करता मी कधी कुठे गेलोय?"

त्याची प्रत्येक भूमिका मीच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पाठ करून घेतली आहे. सवयीने बसले. अक्कल कुठे चरायला गेली होती, देव जाणे.

दवाखान्यात तो निवृत्त प्राध्यापकाच्या थाटात बसला. तारीख सांगितली, कागदावर घड्याळाचं चित्र काढलं.

"मघाचे पाच शब्द?" डॉक्टरांनी विचारलं. कागदावरचेच शब्द होते.

"नदी, खुर्ची, लिंबू..." वेंडेल अडला. त्याने माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर मान खाली घालून लिहीत होते, आणि माझे ओठ हलले. अडलेल्या नटाकडे नुसतं बघत बसणं मला जमत नाही.

"शिट्टी," वेंडेल म्हणाला. "आणि कोट."

"मागच्यापेक्षा छान. गाडी चालवायला हरकत नाही."

"डॉक्टर, हे सगळं त्याने पाठ केलंय," मी म्हणाले. "आत्ताही मीच सांगितलं."

"बघा," वेंडेल म्हणाला, "पन्नास वर्षं झाली, श्रेय हिलाच."

दोघेही हसले. मला रडू येत होतं. डॉक्टरांनी तसं लिहून, सही करून कागद त्याच्या हातात दिला.

गाडीपाशी आल्यावर तो हळूच म्हणाला, "प्रवेश कसा झाला? डॉक्टरचं काम करणारा तो पोरगा चांगला होता. कोण गं तो?"

मी पर्समधली किल्ली चाचपली.

"रोल मिळाला ना?"

"मिळाला."

"मग किल्ली दे. मी चालवतो."

मी पर्स घट्ट धरली. त्याने खिशातून सहीचा कागद काढला आणि माझ्यापुढे धरला.