एमच्या आतला भाऊ

धाकट्याचा धंदा असा होता की तो चारचौघांत सांगता यायचा नाही. चोरीचा नव्हता. तो शब्दांना वाक्यं लावायचा.

इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी एक प्रकाशक दोन भागांचा शब्दकोश काढत होता. आधी शब्द, शेजारी अर्थ आणि वापर कळावा म्हणून खाली एक वाक्य. शब्द होतेच, अर्थ एका निवृत्त प्राध्यापकांनी दिले होते, वाक्यं तेवढी धाकट्याची. प्रकाशकाची अट एकच. "वाक्यात माणूस पाहिजे. 'टेबलावर पुस्तक आहे' असलं नको. त्या टेबलाचं पुढे काय झालं, हे आजवर कुणी विचारलेलं नाही."

आता माणूस आणायचा कुठून? आईवडील लवकर गेलेले, मित्र दीडच, आणि त्यातला अर्धा गाव सोडून गेलेला. उरला मोठा भाऊ. मग धाकट्याने ए या अक्षरापासून दादाला कामाला लावलं. 'ब्रेव्ह'खाली दादा अडकलेल्या लिफ्टमधून एका म्हातारीला उचलून बाहेर काढायचा. 'कोट'खाली स्वतःचा कोट उसवून धाकट्याला शिवून द्यायचा. 'जेनरस', 'ऑनेस्ट', 'काइंड' हे शब्द तर दादाच्या नावावरच लागल्यासारखे झाले होते. यात खोटं फार नव्हतं. दादा लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत मेकॅनिक होता, म्हातारी खरी होती आणि कोटही खरा होता. बाह्या तेवढ्या आखूड झाल्या होत्या.

एम संपला, पहिला भाग छापायला गेला, एन सुरू झाला आणि दोघा भावांचं फाटलं.

झालं असं, की धाकट्याला बघायला दादाकडे पाहुणे आले. मुलगी धाकट्याला आवडली होती. त्याने बशीऐवजी हातात झाकण घेतलं तेव्हा ती एकटीच हसली होती. मुलीच्या काकांनी विचारलं, "मुलगा काय करतो?"

दादाला खोटं बोलता येत नसे. तो म्हणाला, "घरीच असतो. शब्दांना वाक्यं लावतो."

"लावून झाल्यावर?"

"दुसऱ्या शब्दाला लावतो."

काकांनी चहा संपवला, कप जागेवर ठेवला आणि सगळ्यांना घेऊन गेले. पुन्हा निरोप आला नाही. धाकटा दादाला म्हणाला, "नोकरी करतो म्हणायला तुझ्या बापाचं काय जात होतं?" दादा म्हणाला, "तो तुझाही बाप होता." पुढे दीड वर्ष दोघांत एक शब्द नाही.

दोघांत नव्हता, कोशात मात्र दोन हजार होते. दुसऱ्या भागात दादाचं जे काही झालं ते शत्रूचंही होऊ नये. 'ऑब्स्टॅकल: माझ्या आयुष्यात एकच ऑब्स्टॅकल आहे, आणि तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा आहे.' 'व्हल्चर, गिधाड: झाडावर व्हल्चर बसलेलं पाहून मला भावाची आठवण झाली.' 'यॉन, जांभई: माझा भाऊ बोलू लागला की भिंतीसुद्धा यॉन करतात.' प्रकाशक खूश. वाक्यांत जान आली आहे, म्हणाला. पुढे एका शाळेतल्या बाईंचं पत्र आलं: "आमच्या वर्गातली मुले विचारतात की पहिल्या भागातला भाऊ एवढा चांगला होता, त्याला एनपासून काय झाले? कृपया तिसऱ्या भागात खुलासा करावा." तिसरा भाग निघणार नव्हता. सव्वीसच अक्षरं, त्याला प्रकाशक तरी काय करणार?

मग एके दिवशी दादा लिफ्टच्या खड्ड्यात पडला आणि त्याच्या गुडघ्याची वाटी सरकली. धाकटा दवाखान्यात गेला. काय बोलावं ते रस्ताभर ठरवत गेला होता. दादाने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "त्या स्टुलावर नको बसू, डुगडुगतं." झालं, भांडण मिटलं. दुसऱ्या भागाचं काय, हे दादाने विचारलं नाही, कारण त्यात काही विचारण्यासारखं आहे हे त्याला माहीतच नव्हतं.

गुडघा बरा झाला, पण मनापासून नाही. खड्ड्यात उतरताना दादा आता दोन्ही हातांनी शिडी धरायचा आणि हत्यारं दातांत. तेवढ्यात कंपनीत तपासनिसाची एक जागा निघाली. तपासनिसाने खड्ड्यात उतरायचं नसतं. त्याने खाली फाईल घेऊन उभं राहायचं आणि मान वर करून म्हणायचं, हे बदला. तीस वर्षांत दादाला हेवा वाटला तो फक्त या माणसाचा. पण तोंडी परीक्षा इंग्रजीत होती, आणि वयाची अट होती पन्नासच्या आतली. दादाला पन्नास पूर्ण व्हायला चार महिने होते, परीक्षेला तीन.

दादा शब्दकोशाचा पहिला भाग स्वतः दुकानातून घेऊन धाकट्याकडे आला. पुस्तकाला कव्हर घातलेलं, आत नाव.

"दुसरा भाग संपलाय म्हणे दुकानात. तुझ्याकडे असेल ना?"

धाकट्याच्या कपाटात सदऱ्यांच्या खाली सात प्रती होत्या.

"दादा," धाकटा म्हणाला, "परीक्षेला एमपर्यंतच येतं."

"आं? आणि पुढचं?"

"पुढचं ज्यांना परदेशात कायमचं राहायचंय त्यांच्यासाठी असतं."

दादाने जरा विचार केला. "बरं झालं बाबा. मला कुठे जायचंय," तो म्हणाला आणि पुस्तक बगलेत मारून गेला. मारे खूश होता. अर्धा अभ्यास वाचला होता त्याचा.

'एमपर्यंतच येतं' हे वाक्य तोंडातून कसं निघालं, हे धाकट्याला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. त्याच रात्री त्याने ठरवलं की एनपासूनचे शब्द वेगळ्या कागदांवर उतरवायचे, खाली साधीसुधी वाक्यं घालायची आणि दादाला द्यायचे. चौदा शब्द झाले. मग प्रुफं आली, मग सर्दी झाली, मग उद्या करू, मग परवा.

दादा मात्र हात धुऊन मागे लागला. त्याच्याकडे तेरा मजल्यांची एक इमारत होती आणि एमपर्यंत अक्षरं तेरा. त्याने लिफ्टच्या बोगद्यात मजल्यामजल्याला खडूने शब्द लिहिले. पहिल्या मजल्याला ए, दुसऱ्याला बी. लिफ्टच्या टपावर बसून तो सावकाश वर जायचा आणि घोकायचा. जोडीदार चिडवायचे, "उस्ताद, बाराव्यावर लव्ह लिहिलंय, वहिनींना ठाऊक आहे का?" दादा म्हणायचा, "वाक्य वाच की खाली. भावावरचं आहे ते."

त्याची चाल सगळ्या इमारतीला पाठ झाली. रहिवासी खाली खोळंबलेले आणि लिफ्ट मजल्यामजल्याला थांबून पुटपुटतेय.

आठवड्यातून एकदा धाकटा उजळणी घ्यायला जायचा. वहिनी म्हणायची, "भाऊजी, यांनी काल भाजीवाल्याला 'यू आर ऑनेस्ट' म्हटलं. त्याने घाबरून दोन काकड्या जास्त घातल्या." सगळे हसायचे. धाकटा सगळ्यांत मोठ्याने हसायचा. दर वेळी निघताना उंबऱ्यात घुटमळायचा, दर वेळी दादा विचारायचा, "काय रे, काही राहिलं?" आणि तो म्हणायचा, "छत्री." एकदा तर छत्री हातातच होती.

परीक्षा झाली. त्या संध्याकाळी धाकटा गेला तेव्हा दादा बनियनवर बसून गुडघ्याला मलम चोळत होता. वहिनी भिंतीला टेकून उभी.

"छान सुरुवात झाली," दादा म्हणाला. "तिघं होते. म्हणाले, घरच्यांबद्दल सांगा. मी तुझी सगळी वाक्यं फिरवली आणि तुझ्यावर लावली. माझा भाऊ ब्रेव्ह आहे, माझा भाऊ जेनरस आहे, माझ्या भावाने मला कोट दिला. मान डोलवत होते तिघंही."

"मग?"

"मग मधल्या बाईंनी लिफ्ट ज्यावर लटकते त्या तारदोराचं काहीतरी विचारलं. त्यात 'प्रिव्हेंट' आला. मी म्हटलं, पी आहे, हा आपला नाही. उभा राहिलो आणि म्हणालो, 'मॅडम, काइंडली आस्क इनसाइड एम.'"

धाकट्याने डोळे मिटले.

"त्यांनी दुसरा विचारला, त्यात 'रिलायबल'. मी पुन्हा म्हटलं, काइंडली आस्क इनसाइड एम. तिसऱ्यांदाही तेच. मग त्यांनी पाणी दिलं प्यायला. बाई चांगली होती. दारापर्यंत सोडायला आली." दादाने मलमाचं झाकण फिरवून फिरवून घट्ट लावलं. "नाही म्हणाले. पण मी सोडणार नाही, अर्ज करतो. अभ्यासाच्या बाहेरचं विचारलंय म्हणून लिहितो. तू इंग्रजीत करून दे."

"तेच म्हणते मी," वहिनी म्हणाली. "आधीच सांगितलेलं असताना पुढचं विचारायचं म्हणजे काय! भाऊजी, आधीच सांगितलेलं असतं ना?"

ती धाकट्याकडे बघत राहिली. प्रश्न तिने आधी सहज विचारला होता. आता तो सहज राहिला नव्हता.

"दादा," धाकटा म्हणाला, "परीक्षा झेडपर्यंत असते. सगळ्याच परीक्षा झेडपर्यंत असतात."

शेजारी कुणीतरी बादली भरत होतं, ती भरून वाहू लागली, नळ बंद झाला.

"मग मला तसं का म्हणालास?"

धाकटा उठला, घरी गेला आणि दुसरा भाग घेऊन आला. सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं, असं त्याला वाटलं होतं. पण दाखवणं सोपं व्हायला वाचणाऱ्याला शब्द यावे लागतात. दादाला एनपासून पुढचं काहीच येत नव्हतं. प्रत्येक वाक्य नेमक्या जागी येऊन अडायचं. तो चष्मा लावून, बोट ठेवून वाचायचा, "माय ब्रदर इज..." आणि विचारायचा, "नॅस्टी म्हणजे?"

"वाईट. दुष्ट."

दादा वहीत लिहून घ्यायचा. मग वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचायचा, आणि मग त्याला कळायचं.

"नेग्लेक्ट म्हणजे?"

"ज्याच्याकडे लक्ष द्यायला हवं, त्याच्याकडे न देणं."

"ऑब्स्टॅकल?"

"अडथळा."

"सहा वर्षांनी मोठा," दादाने बोटांवर मोजलं. "म्हणजे मीच."

"हो."

"पुरे करा हो," वहिनी म्हणाली. "झाली ना आता परीक्षा?"

"थांब गं, शिकतोय."

"दादा, पुढच्या आवृत्तीत सगळं बदलतो," धाकटा म्हणाला. "रागात लिहिलंय मी हे. ते स्थळ मोडलं होतं ना, त्या रागात."

"ते कळलं मला. राग येण्यासारखंच होतं ते. मलाही नंतर वाटलं, नोकरी म्हणून टाकायला हवं होतं." दादाने चष्मा काढला. "पण एक सांग. मला एमपर्यंतच असतं म्हणालास, तेव्हा तर आपलं मिटलं होतं. तेव्हा कुठे होतास रागात?"

धाकट्याने तोंड उघडलं. त्याला म्हणायचं होतं की तू हे वाचशील याची भीती वाटली; तू पुन्हा बोलायचा थांबशील असं वाटलं. पण तीन महिने हा माणूस अंधाऱ्या बोगद्यात टपावर बसून घोकत होता, आणि त्याच्यासमोर ते सगळं फारच लहान दिसत होतं.

दादा उत्तरासाठी थांबला नाही. त्याने चष्मा परत लावला, गुडघा दोन्ही हातांनी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला आणि पान सरळ केलं.

"चल, पुढचा सांग. सकाळी आठला खड्ड्यात उतरायचंय."

पुढच्या शब्दाखाली काय आहे, ते धाकट्याला पाठ होतं.

"ऑफेंड," तो म्हणाला. "म्हणजे दुखावणं."

दादाने वहीत लिहिलं, अक्षर नीट आलं नाही म्हणून खोडलं, पुन्हा लिहिलं, आणि बोट वाक्यावर नेलं.