बिनआकड्याची काठी

सासऱ्यांनी सोमवारी सुताराला बोलावलंय हे सुनेला शुक्रवारी कळलं, आणि तेही सुताराकडूनच. दवाखान्यात ती औषधं द्यायची, तिथल्या खिडकीशी तो खोकल्याची बाटली न्यायला आला होता. जाता जाता म्हणाला की बाबांचं बाकडं न्यायला टेम्पो आणतोय, घरी कुणीतरी असू द्या. तिने मान डोलावली, आणि पुढच्या आजीबाईंना एकच गोळी कधी घ्यायची ते दोनदा समजावून सांगितलं.

बाकडं म्हणजे मागच्या खोलीतलं, खिडकीखालचं. त्यावर सासऱ्यांनी चाळीस वर्षं गळाच्या काठ्या केल्या. बांबूच्या सहा पट्ट्या रंध्याने तासायच्या, चिकटवून एक करायच्या, वर वार्निश. या काठ्यांनी पिसांची खोटी माशी पाण्यावर फेकतात. माशीला वजन कसलं, फुंकरीने उडेल ती. वजन असतं दोरीत. दोरीला तिच्या वजनाप्रमाणे आकडा असतो, आणि प्रत्येक काठीला तिच्या ताकदीची दोरी लागते. हलकी लावली तर काठी वाकायचं नाव घेत नाही, जड लावली तर मान टाकते. हा आकडा सासरे मुठीच्या वर शाईने लिहीत, शेजारी सही करत, आणि मगच काठी घराबाहेर पडे.

शेवटच्या काठीवर आकडा नव्हता.

ती अर्धी झाली असताना त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. चालायला लागले, बोलायला लागले, पण उजवा हात मांडीवर राहिला तो राहिलाच. मग दार लावून घेऊन आठ महिने डाव्या हाताने त्यांनी काठी पुरी केली, भिंतीवर टांगली आणि तोंडात मिठाची गुळणी धरली. काठी होती एका बस चालवणाऱ्या बाईंची. त्यांनी पाचच्या आकड्याची सांगितली होती, आणि येत्या रविवारी त्या ती न्यायला येणार होत्या.

संध्याकाळी सुनेने सरळ विचारलं, बाकडं का देताय?

"काठीच बिघडली तर बाकडं कशाला?" सासरे म्हणाले. "टोकाकडे जास्त तासली गेलीय. पाचची नाही ती. कशाचीच नाही."

"मग कितीची आहे?"

"सांगितलं ना, कशाचीच नाही."

नवऱ्याचं म्हणणं, त्यांना त्रास देऊ नकोस. नवऱ्याचं हे म्हणणं लग्नापासून सगळ्याच बाबतीत होतं. सुनेला मात्र ते पटेना. सकाळी मागच्या खोलीतून येणारी रंध्याची सरसर ऐकत तिने अकरा वर्षं चहा प्यायला होता. ती सरसर थांबली तेव्हापासून या घरात चहा नुसता संपवला जात होता. शिवाय दवाखान्यात अर्धं आयुष्य वजनमाप करण्यात घालवलेल्या बाईला 'कशाचीच नाही' हे उत्तर मान्य होणं शक्य नव्हतं. जे मोजलेलं नाही ते मोजायचं राहिलंय, एवढंच तिला ठाऊक.

शनिवारी तिने बाकड्याच्या खणातली दोरीची दोन रिळं उचलली. त्यांवर चिठ्ठ्या नव्हत्या. सासरे बोटांनी ओळखत. खणाच्या आत मात्र त्यांनी एक तक्ता चिकटवला होता, कुठल्या आकड्याच्या दोरीचं वजन किती. दवाखान्यातून घरी आणलेल्या नाजूक काट्यावर तिने दोन्ही दोऱ्या उलगडून, गुंडाळून, डोळ्यांत तेल घालून तोलल्या. जेवताना तिने निकाल सांगितला. एक दोरी अकराची, दुसरी तेराची. तक्ता बारालाच संपत होता, पण तेरा तिने हिशोबाने काढला होता.

सासऱ्यांचा घास हातातच थांबला. मग खांदे हलायला लागले, आणि नवरा घाबरून उठणार तेवढ्यात लक्षात आलं की बाबा हसतायत.

"तेराने काय करायचंय, ट्रक ओढायचाय?" डोळे पुसत ते म्हणाले. "अगं, पहिले तीस फूट तोलायचे फक्त. हवेत तेवढीच असते. उरलेली रिळावर बसलेली, तिचा भार काठीला कसला?"

सुनेच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण तिला बरंही वाटलं. वर्षभरात त्यांनी सलग इतकं काही सांगितलं नव्हतं. तिने जेवण उरकलं, तीस फूट मोजून पुन्हा तोलायला घेतले. एक चारची निघाली, एक पाचची. मग तिने भिंतीवरच्या सासऱ्यांच्या स्वतःच्या दोन जुन्या काठ्या उतरवल्या. त्याही आठ फुटी, पण आकडे घातलेल्या, चार आणि पाच. तिची युक्ती साधी होती. मूठ बाकड्यावर घट्ट बांधायची, टोकाला पिशवी अडकवायची आणि टोक ठरलेल्या खुणेपर्यंत खाली येईस्तोवर पिशवीत खिळे टाकत राहायचं. ओळखीच्या दोन काठ्या किती खिळ्यांनी वाकतात ते कळलं की अनोळखीला विचारता येईल.

मूठ बांधताना तिला दिसलं, लाकूड पकडून ठेवणारा शिकंजा बाकड्याच्या डाव्या टोकाला आहे. सगळं बाकडंच उजव्या हाताच्या माणसासाठी केलेलं. डाव्या हाताने रंधा मारायचा तर अंग पिळून, भिंतीला खेटून उभं राहावं लागणार. त्या बाजूला सासऱ्यांच्या कोपराने भिंतीचा रंग हातभर घासून काढला होता. ती त्या पट्ट्याकडे बघत राहिली. मग तिने खिळे मोजायला घेतले.

पाचची काठी एकसष्ट खिळ्यांनी खुणेपर्यंत आली. चारची सत्तेचाळीस. दाराशी पावलं वाजली; सासरे चौकटीला टेकून उभे होते. तिने बिनआकड्याची काठी बांधली.

"मूठ अजून आत घे," ते म्हणाले. "तिन्हींची सारखी हवी."

तिने आत घेतली. पंचेचाळीस, सेहेचाळीस, सत्तेचाळीस. अठ्ठेचाळिसाव्या खिळ्याला टोक खुणेवर आलं आणि थांबलं.

"ही चारची आहे," सून म्हणाली. "बिघडलेली पाचची नाही, बाबा. चांगली चारची आहे."

खिळे त्यांनी डाव्या हाताने स्वतः पुन्हा मोजले.

रविवारी सकाळी बसवाल्या बाई आल्या. सासरे आतच बसून राहिले, म्हणून सगळं सुनेलाच सांगावं लागलं. बाईंनी अंगणात उभ्या राहून चारची दोरी लावली आणि काठी मागे-पुढे फिरवली. दोरी हवेत उलगडली आणि कुंपणाजवळ, जमिनीवर सरळ रेघेत पडली. त्यांनी सुनेच्या हातात काठी दिली. पहिल्या खेपेला सुनेने दोरी स्वतःच्या वेणीत अडकवून घेतली. पाचव्या खेपेला मात्र काठी मागे वाकली, क्षणभर थांबली आणि आपणहून पुढे आली. हातात काय झालं ते तिला सांगता आलं नसतं, पण तिने लगेच सहाव्यांदा फेकली.

सासरे पायरीवर येऊन उभे राहिल्याचं तिने पाहिलं नाही. बाईंनी पाहिलं.

"काठी सुरेख आहे," बाई त्यांना म्हणाल्या. "पण मी घेणार नाही. मला तळ्यावरच्या वाऱ्यात फेकायचं असतं, मला पाचच लागते."

इतक्या खटपटीवर ही बाई पाणी फिरवतेय असं सुनेला वाटलं.

"पाचची मला आता जमणार नाही," सासरे म्हणाले.

"मग ही कुणी केली?"

बाईंनी किल्ल्या काढल्या, पुढच्या वर्षीपर्यंत थांबेन म्हणाल्या, त्याहून जास्त नाही, आणि निघून गेल्या.

दुपारभर मागच्या खोलीचं दार बंद होतं. संध्याकाळी सासऱ्यांनी सुनेला हाक मारली. काठी बाकड्यावर आडवी होती. मुठीच्या वर शाईने चारचा आकडा काढलेला होता, पहिलीतल्या मुलाने काढावा तसा, एका अंगाला कललेला. शेजारी त्यांची सही. आणि खाली, त्याहून वेड्यावाकड्या अक्षरांत, तिचं नाव.

"वार्निश वाळेपर्यंत हात लावू नकोस," ते म्हणाले.

तिने हो म्हटलं.

सोमवारी सुतार टेम्पो घेऊन दारात आला. सासऱ्यांनी त्याला आत नेलं आणि शिकंजा दाखवला.

"हा इथून काढ," ते म्हणाले, "आणि त्या टोकाला बसव. मी डावखुरा आहे."