पंख्यांची बिल्डिंग

आखातातल्या हिद्दहून राजधानी मनामाकडे निघालं, की पुलावर या कुटुंबाचं भांडण ठरलेलं. दर जुम्म्याला, दुपारचं जेवण जिरायच्या आत. जमालुद्दीनची लाडकी बिल्डिंग म्हणजे ट्रेड सेंटरचे जोड टॉवर, मध्ये वाऱ्यावर वीज करणारे तीन भलेमोठे पंखे असलेले. त्याच्या दहावीतल्या लेकीला, अल्फियाला, हार्बरचे टॉवर आवडायचे. तेही जोडच, पण बिनपंख्यांचे आणि उंचीला जरा वरचढ. बाप म्हणायचा, "माझी बिल्डिंग राबते गो, तुझी नुसती नटून उभी." लेक इंग्रजीत फाडफाड उत्तर द्यायची. दोघंही सारखीच हट्टी, माघार म्हणून कोणी घ्यायचं नाही. अल्फियाच्या आईने, रशीदाने, केव्हाच हात टेकले होते.

खरं तर गेल्या वर्षापासून तिला हे भांडण हवंसं वाटायचं. नवऱ्याला काचबिंदू निघाला होता. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळा, थेंब घाला आणि गाडी चालवण्याजोगी नजर आहे का ते तपासून घ्या, असं डॉक्टरने बजावलं होतं. थेंब घातले, तपासणी राहिली ती राहिलीच. जमालुद्दीन सनाबिस भागातल्या मुलांची शाळेची व्हॅन चालवायचा, आणि तिघांचा व्हिसा त्याच नोकरीवर होता. म्हणून तो पुलावरून आपली परीक्षा आपणच घ्यायचा: पंखे फिरतायत की थांबलेत, ते सांगायचं. उत्तर बरोबर आलं की रशीदाला आठवडाभर झोप लागायची. अशी कुठे डोळ्यांची तपासणी असते? पण भीतीपोटी माणूस काहीही मानतो, तशी त्या दोघांनी ती मानली होती.

आज आभाळ स्वच्छ होतं. पुलाच्या मध्यावर आल्यावर त्याने मान वाकडी करून बोट दाखवलं. "बघ गो अल्फिया, माझे पंखे कसे फिरतायत."

बोट हार्बरच्या टॉवरांकडे होतं.

आता पोरगी हसेल, चिडवेल, या भीतीने रशीदाने मागे पाहिलं. अल्फियाचं तोंड पांढरं पडलं होतं. एरवी मराठीला मराठीत उत्तर न देणारी ती पोर हळूच म्हणाली, "हो अब्बा. फिरतायत. तुमचीच बिल्डिंग चांगली."

जमालुद्दीन हसला नाही. ही पोर आजवर त्याच्यापुढे कधी हरली नव्हती. आज का हरली, हे कळायला त्याला डोळे लागले नाहीत.

पूल उतरताच त्याने व्हॅन कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"शाळेच्या मॅनेजरला सांगतो," तो म्हणाला. "लोकांची पोरं आहेत."

"आणि व्हिसा?" रशीदाने विचारलं.

"खलास."

त्याने किल्ली तिच्या हातात ठेवली. तिला गाडी येत नव्हती, आणि अल्फियाचं अजून वय नव्हतं. बाजूने गाड्या सुसाट जात होत्या. तो म्हणाला, "आता खरं सांग. फिरतायत काय?"

रशीदाने ट्रेड सेंटरकडे नीट पाहिलं. आता खोटं बोलून वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"नाही हो," ती म्हणाली. "थांबलेत."